परळ डेपो ते रिगल

परळच्या एसटी डेपोत सकाळी सातला उभं राहिलं की मुंबई कुठं संपते आणि कोकण कुठं सुरू होतं, हे नेमकं सांगता येत नाही. खेड, दापोली, मंडणगड, महाड, पोलादपूर. पाट्या वाचता वाचताच माणूस कशेडी घाटाच्या पायथ्याशी पोचतो. १० जानेवारीची ही सकाळ. मामा माझ्या आधीच येऊन बसले होते. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी. मुंबईच्या थंडीला कानटोपी लागत नाही, पण जानेवारी आहे म्हणजे घालायची, हा गिरणगावचा नियम.

"गाडीत बसायचंय की नुसतं बघायचंय?" मामांनी विचारलं.

"नुसतं बघायचंय, मामा. इथनं सुरुवात करायचीय."

मामा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि परत लागली नाही. आमचं आजोळ मंडणगड तालुक्यातलं. आम्ही कुणबी, खोताची कुळं. त्याच तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. तिथल्या सकपाळांच्या घरातला एक मुलगा पलटणीत गेला, सुभेदार झाला, पेन्शनीत निघाला आणि शेवटी या परळ भागात येऊन राहिला. त्याचा मुलगा पुढं कायदेमंडळात गेला आणि तिथं उभं राहून त्यानं खोतीवर विधेयक मांडलं. गाव, पलटण, चाळ आणि सभागृह, एवढा त्या घराचा प्रवास. त्यातला मुंबईतला तुकडा पायी आणि लोकलनं एका दिवसात करायचा, असं आम्ही ठरवलं होतं. तारीख मुद्दाम निवडली होती. तिचं कारण आझाद मैदानाशी आल्यावर सांगतो.

रामजी मालोजी सकपाळ. मालोजीही लष्करात होते, म्हणजे घरात बंदूक दोन पिढ्यांची. महारांना कंपनी सरकारच्या पलटणीत जागा होती आणि पलटणीत एक गोष्ट गावापेक्षा वेगळी होती: शाळा. शिपायांच्या मुलामुलींना तिथं शिकवलं जाई. रामजी पलटणीच्या शाळेत मास्तर झाले आणि चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला त्यांचा चौदावा मुलगा भीमराव जन्मला, तेच पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यानंतरच्या काळात इंग्रज सरकारनं 'लढाऊ जाती' कोणत्या याचा नवा हिशेब मांडला आणि महारांची भरती बंद केली. ज्यांनी आधी कंपनीसाठी आणि मग सरकारसाठी लढाया मारल्या, त्यांना एका परिपत्रकानं घरी बसवलं. रामजींनी या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं अर्ज केल्याचं धनंजय कीरांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्रात आहे. दापोलीच्या कॅम्पात राहणारे, महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीही १८९४ मध्ये सरकारला असंच विनंतिपत्र लिहिलं होतं. हेच वलंगकर पुढच्या वर्षी महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले. म्हणजे कोकणातला शिपाई सभेच्या खुर्चीवर बसण्याची सुरुवात या घराच्याही आधीची आहे.

शेत, बंदूक आणि सभागृह अशी वाट चाललेली माणसं अमेरिकेच्या जुन्या इतिहासात ठायीठायी भेटतात. कनेक्टिकटमधला इस्रायल पुटनम हा त्यांचा नमुना. शेतकरी, फ्रेंचांशी झालेल्या लढायांत नाव कमावलेला शिपाई, मग १७६६ मध्ये वसाहतीच्या कायदेमंडळाचा सभासद. १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळीबार झाल्याची बातमी आली, तेव्हा तो नांगर शेतातच टाकून निघाला, अशी आख्यायिका तिथली पोरं अजून शाळेत वाचतात. वॉशिंग्टननंही १७८३ मध्ये सेनापतिपद सोडलं आणि तो आपल्या मळ्यावर परत गेला. मात्र या गोष्टींतला नांगर, जमीन आणि बंदूक ही सगळी त्या माणसाच्या मालकीची असत. आंबडव्याच्या घरात शेत दुसऱ्याचं, बंदूक सरकारची आणि तीही काढून घेतलेली. तरीही कायदेमंडळापर्यंत वाट गेली. ती डेपोच्या फाटकाबाहेरून जाते आणि त्या रस्त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे.

सुभेदारांना पेन्शन होती, पण घरात माणसं फार. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदणाऱ्या मजुरांना पगार वाटायचा रोखपाल म्हणून त्यांनी नोकरी केली, आणि १९०४ च्या सुमारास कुटुंब घेऊन ते मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली. या खोलीचं वर्णन कीरांनी केलंय. त्यात जातं आहे, चूल आहे आणि एक शेळीही आहे. सगळ्यांना एकाच वेळी झोपायला जागा नाही. मग सुभेदारांनी पलटणीसारखा पहारा लावला. मुलानं संध्याकाळी लवकर झोपायचं, बाप दोनपर्यंत जागा. दोनला मुलाला उठवायचं, त्याच्या जागेवर स्वतः आडवं व्हायचं आणि मुलानं दिव्याशी बसून पहाटेपर्यंत वाचायचं.

"आमच्या खोलीत पण पाळ्या होत्या," मामा म्हणाले. "रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा. गादी थंड नाय व्हायची." मग थोडं थांबून, "पण वाचायला कोण नव्हतं उठत."

मुलाला पुस्तकं लागत. पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडं जात. तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडं ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. सुभेदाराच्या हुद्द्यापेक्षा मला हा दागिना मोठा वाटतो. त्या लेकीचं नाव इतिहासात दोन ओळींच्या पुढं येत नाही, पण एल्फिन्स्टन हायस्कूलच्या वह्यापुस्तकांत तिचं सोनं होतं.

परळला आम्ही चहा घेतला आणि पोयबावडीकडं वळलो. इथं गल्लीगल्लीत इतिहास आहे, पण पाट्या थोड्या. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची दाटी मोडायला १८९८ च्या कायद्यानं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं कामगारांसाठी बांधलेल्या त्या बी. आय. टी. चाळी. मधून लांब व्हरांडा, दोन्हीकडं दहा बाय दहाच्या खोल्या. परळच्या एक नंबर चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ या खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ पासून जवळजवळ बावीस वर्षं राहिलं. एक संसाराची, एक अभ्यासाची. कोलंबियाची पदवी घेऊन आलेला, सिडनहॅम कॉलेजात शिकवणारा, लंडनहून बॅरिस्टर होऊन परतलेला माणूस सार्वजनिक नळावरच्या पाण्यावर इथं राहत होता. शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. १९२० मध्ये 'मूकनायक' निघालं तेही पोयबावडीतून. आम्ही वर गेलो नाही. लोकांच्या घरासमोर उभं राहून माना उंचावणं बरं दिसत नाही. जिन्याखाली एक बाई धान्य निवडत होती. तिनंच विचारलं, "बाबासाहेबांची खोली? वरती, दुसरा माळा." तिला हे रोज सांगावं लागत असणार.

रामजींचा शेवट या चाळीत आल्याच्या पुढच्याच वर्षीचा. १९१३ च्या जानेवारीत मुलाची बडोदा संस्थानच्या सेनेत लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाल्याचं चरित्रात येतं. बापाची पलटण सुटली, मुलाला पलटणीचा हुद्दा मिळाला, तोही जेमतेम पंधरवडाभर. वडील आजारी असल्याची तार आली आणि तो निघाला. सुरतेला गाडी थांबली तेव्हा बापासाठी बर्फी घ्यायला खाली उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा बाप डोळ्यांनी त्यालाच शोधत होता. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. जूनमध्ये मुलगा न्यूयॉर्कच्या वाटेला लागला, पुटनमच्या कनेक्टिकटच्या शेजारच्याच गावी.

चाळीपासून जवळच दामोदर हॉल. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा. कामगार रंगभूमीचं हे माहेरघर अलीकडं पुनर्बांधणीसाठी बंद झालं, त्यामुळं नुसते पत्रे पाहायला मिळाले. ९ मार्च १९२४ ला इथं सभा भरली आणि त्यातून आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. मामांना हा हॉल नाटकांमुळं माहीत. "इथं मी दोन नाटकांत शिपायाचं काम केलंय," म्हणाले. "डायलॉग नव्हता."

आता साचेखात्याची गोष्ट. मामांना मी ती मुद्दाम विचारली, कारण ती पुस्तकात वाचून डोळ्यांपुढं येत नाही. सुताची कांडी संपली की धोट्यात नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. हातानं ते निघत नसे, म्हणून साचेवाला भोकाला ओठ लावून श्वासानं ओढून घेई. "टायमात काम झालं पाहिजे. तोंड लावलं की सर्रकन येतो," मामांनी दोन बोटांत धोटा धरल्यासारखं करून दाखवलं. या एका ओठ लावण्यापायी साचेखातं अस्पृश्य कामगारांना बंद होतं. त्यांनी तोंड लावलेला धोटा दुसरा कसा वापरणार? आणि गिरणीत जास्त पगार साचेखात्यातच. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढं रेटला. मालकाशी भांडणाऱ्या कामगारांना आपल्याच शेजारच्या कामगाराविषयी बोलायला लावणं सोपं नव्हतं.

"तुमच्या वेळी होतं का असं?"

मामा जरा वेळानं म्हणाले, "आमच्या वेळी नव्हतं. म्हणजे बोलत नव्हतं कोणी."

लालबागेच्या दिशेनं चालत कामगार मैदानापाशी थांबलो. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्याच्या आदल्या संध्याकाळची विराट सभा इथली. संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर होते. हा पक्ष १९३६ मध्ये निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकर भायखळा-परळमधून उभे राहिले. समोर काँग्रेसचे उमेदवार पळवणकर बाळू, १९११ मध्ये इंग्लंडचं मैदान गाजवलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. मला या लढतीची गंमत वाटते, कारण बाळूंचे वडीलही पलटणीतच शिपाई होते. कोकणातल्या दोन शिपायांची पोरं गिरणगावात समोरासमोर. बाळूंना ११,२२५ मतं पडली, आंबेडकरांना १३,२४५. मराठी वाचक क्रिकेटवर इतकं बोलतो, पण या डावाचा धावफलक फारसा कुणाला पाठ नाही.

भारतमाता थिएटरपासून मिरची गल्लीतून निघालो. कांडपाच्या गिरण्यांतून उडणारा लाल धूर नाकात गेला आणि दोघंही शिंकत प्रभादेवी स्टेशनाकडं वळलो. दादर आज वाटेत धरलं नव्हतं. हिंदू कॉलनीतलं राजगृह, पन्नास हजारांवर पुस्तकांसाठी बांधलेलं घर, आणि चैत्यभूमी, जिथं ७ डिसेंबर १९५६ ला अंत्यसंस्कार झाले, या दोन जागी लोक जातातच. आमचा शोध त्याआधीच्या माणसाचा होता.

स्लो लोकलनं चर्नी रोडला उतरलो. स्टेशनाला लागून बाग आहे, आता स. का. पाटील उद्यान. दुपारची वेळ, बाकांवर डबे खाणारे, डोळ्यांवर रुमाल टाकून पडलेले. शाळेत असताना भीमराव याच बागेत येऊन वाचत बसे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकरही इथंच येत. रोज पुस्तकात मान घातलेला हा मुलगा कोण म्हणून त्यांनी चौकशी केली. केळुसकर म्हणजे शिवाजी महाराजांचं मराठी चरित्र लिहिणारे. १९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत सी. के. बोले अध्यक्ष होते, आणि केळुसकरांनी आपलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. बडोद्याच्या सयाजीरावांकडं शब्द टाकून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवून दिली. बोल्यांनी पुढं १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला. महाडच्या चवदार तळ्याचा लढा त्या ठरावाच्या जोरावर लढला गेला. गिरगावच्या बागेतला एक बाक, परळची एक सभा आणि महाडचं तळं यांना जोडणारा हा धागा. बागेत त्याची खूण आम्हाला दिसली नाही. मामांनी एका बाकावर बूट काढून पाय वर घेतले. "इथं अभ्यास चांगला होईल," म्हणाले, आणि दहा मिनिटं झोपले.

गिरगावातून धोबीतलावाकडं चालत आलं की एल्फिन्स्टन हायस्कूलची घडीव दगडांची इमारत आणि पलीकडं आझाद मैदान. आता तारखेचं. १० जानेवारी १९३८ ला ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक इथले हजारो शेतकरी मुंबईत आले आणि कौन्सिल हॉलवर चालून निघाले. पुढं आंबेडकर, शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक. खोती नष्ट करा, ही मुख्य मागणी. खोत म्हणजे सरकारचा सारा वसूल करणारा मधला मालक. कुळानं पिकवलेल्या भातातला अर्धा वाटा अर्धेल म्हणून त्याचा, शिवाय त्याच्या घरची वेठ. सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती रद्द करणारं विधेयक मांडलं होतं, ते पुढं सरकत नव्हतं. मोर्चा मैदानापाशी पोलिसांनी अडवला. शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना भेटून आलं. त्या मोर्चात महार होते तसे कुणबीही होते, आणि कोकणात या दोघांनी एका रांगेत चालणं ही त्या दिवसाची खरी बातमी होती.

"आपल्या गावचं कोण होतं?" मी विचारलं.

"काय माहीत. आजा कधी बोलला नाय. पण खोताच्या घरी लग्न असलं की आमची माणसं लाकडं फोडायला जायची, हे आजी सांगायची. जेवण अंगणात."

मोर्चा जिथं पोचू शकला नाही तिथं आम्ही चालत गेलो, काळा घोडा मागं टाकून रिगलच्या नाक्यापर्यंत. समोरची दगडी इमारत म्हणजे मूळची खलाशांची धर्मशाळा, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. व्ही. टी. स्टेशन बांधणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं हे आधीचं काम, १८७६ मध्ये पुरं झालेलं. १९२८ पासून इथं कौन्सिल हॉल होता, आणि आता राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. फाटकावर पहारा, आत जाता येत नाही, फोटोही काढू देत नाहीत. मोर्चा अडवणाऱ्यांच्याच ताब्यात शेवटी सभागृह गेलं, हे सुचलं खरं, पण मामांना सांगितलं नाही. त्यांचा धाकटा जावई पोलिसात आहे.

कायदेमंडळातले आंबेडकर म्हटलं की लोकांना संविधान सभा आठवते. त्याच्या वीस वर्षं आधी, १९२७ मध्ये, ते गव्हर्नरनी नेमलेले मुंबईचे सभासद झाले, आणि त्यांचं पहिलं मोठं काम शेताबद्दलचंच होतं. मार्च १९२८ मध्ये त्यांनी वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती मांडली. महार वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि थोडं बलुतं, त्याच्या बदल्यात सगळ्या घरानं रात्रंदिवस सरकारी अंमलदारांची हाकाटी ऐकायची. तुकडा सोडवत नाही आणि चाकरी संपत नाही. १९२९ मध्ये ते विधेयक त्यांना मागं घ्यावं लागलं. खोतीचंही तसंच झालं. शेवटी खोती गेली १९४९ च्या कायद्यानं, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या. वतनं गेली तोपर्यंत आंबेडकर हयात नव्हते. लष्कराचं दार मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत उघडलं, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. रामजींचा अर्ज त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीचा.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्यांचं १९१८ चं एक लिखाण, भारतातल्या लहान शेतांविषयीचं. जमिनीचे तुकडे जोडून मोठे करा, अशी तेव्हा सरकारची टूम होती. त्यांचं म्हणणं वेगळं. दुखणं तुकड्याच्या आकारात नाही, जमिनीवर टेकलेल्या फाजील हातांत आहे. कारखाने काढा, ते हात उचला, शेत आपोआप सुधारेल. हे लिहिणारा माणूस परळला राहत होता. ते उचललेले हात रोज सकाळी भोंग्याला त्याच्या चाळीखालून जात होते, आणि भोंगे कायमचे बंद झाल्यावर काय, हा प्रश्न त्या लिखाणात नाही. तो मामांच्या पिढीच्या वाट्याला आला.

रिगलसमोर आम्ही वडापाव खाल्ला. मामांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. गावच्या जमिनीचा सातबारा. आज कशाला आणला होता कुणास ठाऊक, बहुधा माझ्या तोंडून चार दिवस खोत-खोत ऐकून. आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलं, मग मालक म्हणून. त्यानंतर वारसांची रांग: काका, चुलते, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. आम्ही बोट ठेवून मोजलं. सतरा नावं झाली, एक दोनदा आलं होतं.

"माझ्या वाट्याला किती आलं, काढ बघू," मामा म्हणाले.

मोबाइलवर भागाकार केला. पावणेतीन गुंठे.

"त्यात आंब्याची दोन झाडं हायत," मामा म्हणाले आणि कागद परत पिशवीत ठेवला. "चल. साडेपाचची मंडणगड सुटायच्या आत परळला पोचू. एकाकडं नारळ पाठवायचेत."